कॅबिनेट माझं, बोलणं पप्पांशी

रविवारी उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात मी ओरडले. चांगली मोठ्याने ओरडले... आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाहीये.

तर झालं असं. मला गेम खेळायला आवडतं. वय चौतीस, अंबरनाथ एमआयडीसीत क्वालिटीला आहे, आणि घरी आले की मला ड्रॅगन मारायचे असतात. जुना लॅपटॉप तव्यासारखा तापायचा, म्हणून ठरवलं, यंदा स्वतः पार्ट निवडून स्वतःचा पीसी बांधायचा. आयुष्यात पहिल्यांदा.

महिनाभर रोज जेवण झालं की तेच. या प्रोसेसरला कुठला मदरबोर्ड चालतो, त्या बोर्डावर कुठली रॅम बसते, ग्राफिक्स कार्ड किती वीज खातं, त्याला कुठला पॉवर सप्लाय पुरेल... एक बदललं की बाकीचं सगळं पुन्हा तपासायचं. डोकं फिरायचं, पण मजाही यायची.

आधीच्या रविवारी खरेदीला गेले. सामान बरंच होतं म्हणून पप्पांना सोबत नेलं. तिथेच चुकलं.

मी काउंटरवर सांगितलं, मला हे हे पाहिजे. दुकानदाराने पप्पांकडे बघून विचारलं, "अंकल, बेटे के लिए?"

म्हटलं, माझ्यासाठी. तो हसला. पुढचा सगळा वेळ प्रश्न मी विचारतेय आणि उत्तरं पप्पांना मिळतायत. पप्पा रिटायर्ड फिटर, त्यांना फोनवर फोटो पाठवायचा असला तरी मला हाक मारतात... पण अंकल तेच ना!

बाकी पार्ट मी सांगितले तेच मिळाले. कॅबिनेट, म्हणजे हे सगळे पार्ट ज्यात बसवायचे तो डबा, मात्र "वो मॉडेल नहीं है" म्हणून त्याने दुसरंच पुढे केलं. काच, रंगीत लाइट, सगळा थाट. बॉक्सवरच छापलेलं होतं की आत तीस सेंटिमीटरपर्यंतचं कार्ड बसतं. माझं कार्ड तेहतीसचं. मी दोनदा सांगितलं, बसणार नाही.

"अंकल, वो सब लिखने के लिए होता है. आराम से बैठेगा."

आणि पप्पांनी मान डोलावली. वर मला म्हणाले, "घे ना बाई. त्याचा धंदा आहे, त्याला माहीत नसणार का? उगाच वाद घालू नकोस." मागे गिऱ्हाईकं उभी. पप्पांनी बॉक्स उचललासुद्धा. ज्या कंपनीत माझ्या सहीशिवाय माल गेटच्या बाहेर जात नाही, तिथली मी... दहा वर्षांच्या पोरीसारखी गप्प बसले आणि पैसे दिले. या गोष्टीचा राग मला अजून येतोय.

कुळगावला घरी येऊन सगळं जोडलं. प्रोसेसर बसला, रॅम बसली, पॉवर सप्लाय बसला. पप्पा टॉर्च धरून उभे होते. शेवटी मी कार्ड आत घालायला गेले तर ते पुढच्या पंख्यांवर आपटलं.

पप्पा म्हणाले, "जरा तिरकं करून बघ."

मी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी टॉर्च बंद केला. पुढचे काही दिवस घरात आमचं जेवणापुरतंच बोलणं होतं.

या रविवारी ते कॅबिनेट स्कूटरवर मध्ये ठेवून, मागे पप्पांना बसवून, पुन्हा उल्हासनगर. मी एकटीच जाणार होते, पण ते न विचारता चप्पल घालून खाली येऊन थांबले होते.

"आओ अंकल, क्या हुआ?" परत अंकल!

मी कॅबिनेट आणि कार्ड काउंटरवर ठेवलं. म्हटलं, बसवून दाखवा. तो पप्पांना म्हणतो, "अंकल, मॅडम ने फिटिंग गलत किया होगा. किसी जानकार से करवाओ."

इथे मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही... पण बाजूच्या दुकानातली माणसं बाहेर आली. तो दोन्ही हात वर करून म्हणाला, "अंकल, आप समझाओ ना इनको."

पप्पा आयुष्यात कुणाशी भांडलेले मी पाहिलेले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "मेरेको क्या बोलता है? मशीन उसका, पैसा उसका. मेरेको इसमें कुछ समझता नहीं. तुमको भी नहीं समझता. उसको समझता है... उससे बात करो." आणि काउंटरकडे पाठ करून उभे राहिले.

आता अंकलच नाहीत म्हटल्यावर करतो काय! त्याने कार्ड बसवायला घेतलं. सरळ, उलटं, कोपऱ्यातून. जोर लावायला लागला तेव्हा मी त्याचा हात धरला. म्हटलं, कार्ड माझं आहे, तुटेल.

मग पहिल्यांदा तो माझ्याकडे बघून बोलला. "मॅडम, आपको कौनसा चाहिए था?"

सांगितलं. त्याने फोन लावला आणि पाच-दहा मिनिटांत गोडाऊनमधून माझं कॅबिनेट हजर! म्हणजे आधीही ते तिथेच असणार. फक्त माझ्यासाठी एक फोन करावासा वाटला नव्हता. सॉरी वगैरे काही नाही.

परत येताना अंबरनाथला ट्रॅफिकमध्ये थांबलो होतो, तेव्हा पप्पा मागून म्हणाले, "त्या दिवशी मीपण त्याच्यासारखंच केलं, नाही का?"

मी म्हटलं, "हो."

ते म्हणाले, "हं." बस, एवढंच.

पीसी सुरू झालाय, मस्त चाललाय. दुकानदारावरचा राग तसाच आहे आणि मला तो घालवायचाही नाहीये. पप्पांवरचा मात्र त्या ट्रॅफिकमध्येच उतरला... थँक्यू पप्पा. उशिरा बोललात, पण बोललात.