समोरच्या घरचा बिनकांद्याचा भात

दोन हजार बावीस साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. बायको धाकट्या मुलीच्या बाळंतपणाला अळणावरला गेली होती, आणि हुबळीच्या कमरीपेठेतल्या आमच्या घरात मी आणि कुत्रा असे दोघंच उरलो होतो. कुत्रा काही जातिवंत नव्हे. तांबडा, एक कान मोडलेला. मार्केट यार्डात पोत्यांच्या थप्पीखाली सापडला तेव्हा मुठीएवढा होता. खांद्यावरच्या टॉवेलात गुंडाळून मीच त्याला घरी आणला. म्हणजे तो माझा. यात वाद नव्हता.

मी चौथी शिकलो आणि पुढं जन्मभर कांदा निवडला. ढिगासमोर उकिडवं बसायचं, लहान-मोठा वेगळा करायचा, सडका बाजूला फेकायचा. आत नासलाय की नाही ते मला न बघता, नुसतं दाबून कळतं. आजही कळतं. भाजीला कांदा नसला तर मी ताटावरून उठतो, हे बायकोला विचारा.

त्या साली समोरच्या घरात एक अक्का राहायला आली. धारवाडची, शाळेत शिकवून रिटायर झालेली, एकटी. तिच्या घरात कांदा-लसूण चालत नाही. बोलायची कानडीत, मीही कानडीतच उत्तर द्यायचो. इथं मराठीत लिहितो एवढंच. रोज दुपारी ती पितळेच्या ताटलीत दहीभात कालवून पायरीवर ठेवायची आणि हाक मारायची, "बारो!" म्हणजे आपलं, ये रे.

पहिल्या दिवशी कुत्र्यानं आधी माझ्याकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी बघितलं नाही. आठवड्याभरानं मी "ये रे" म्हटलं तर त्यानं नुसता मोडका कान हलवला. सरळ कानडीत गेला होता तो.

वर तिनं त्याचं नाव ठेवलं. सहा वर्षं मी त्याला "ए" म्हणत होतो, त्याचं काही अडलं नव्हतं. ते नाव मी इथं लिहिणार नाही.

दुपारी माझ्या पायरीवर सावली असते आणि तिची पायरी तव्यासारखी तापते. तरी हा शहाणा तिच्याच पायरीवर, तिच्या दाराकडं पोट करून झोपायचा. मी खिडकीतून बघत बसायचो. अळणी भात! मीठसुद्धा बेतानंच असणार त्यात. माझ्या हातची भाकरी खाऊन वाढलेल्या जनावराला त्यात काय सापडलं, ते मला कळेना.

एकदा मी त्याला कालची भाजी-भाकरी घालत होतो तेव्हा ती रस्ता ओलांडून आली.

"अण्णा, त्यात कांदा आहे काय?"

"आहे की. भाजी आहे ती."

"नका घालू हो. कुत्र्याला कांदा विष आहे. कच्चा असो, शिजवलेला असो. माझी भाची जनावरांची डॉक्टर होतेय, तिनं सांगितलंय."

"तुमच्या चुलीला उळ्ळागड्डी चालत नाही, म्हणून आता कुत्र्याचीही सोडवता काय, अक्का?"

"माझ्या चुलीचा काय संबंध?"

"कांदा खाऊन माणसं पोती उचलतात."

"तुम्ही माणूस आहात, अण्णा."

"तेवढं तरी मानता, उपकार झाले."

ती हसली नाही. तिथंच उभी राहिली. शेवटी तिला घालवायला मी म्हणालो, "बरं, नाही घालत. झालं?"

मला वाटलं, हे सोवळ्या घरचं ज्ञान आहे. ज्या कांद्यावर माझा जन्म गेला त्याला ही बाई विष म्हणते, म्हणजे मला काय म्हणते? दुसऱ्या दिवशी मी मटणाची हाडं आणली. सहा कांदे उभे चिरून तेलात तांबूस होईपर्यंत परतले, त्यात हाडांचं पाणी ओतलं, भाकरी कुस्करली आणि मागचं दार उघडून ठेवलं. वासासरशी पठ्ठ्या बोळातून धावत आला. पुढं ती हाक मारतेय, "बारो, बारो!" आणि आत हा माझ्या जर्मनच्या ताटलीला चाटून चाटून भिंतीपर्यंत ढकलतोय. मी तोंडावर टॉवेल धरून हसलो. बायको गेल्यापासून तेवढं हसलो नव्हतो.

तसं मी चार दिवस केलं.

पाचव्या दिवशी त्यानं माझ्या ताटलीला तोंड लावलं नाही. ओकला. सहाव्या दिवशी दुपारी बघतो तर अक्काच्या पायरीवर आडवा, धाप लागलेली, आणि खाली लघवी कोऱ्या चहासारखी काळपट. मरायलासुद्धा तिथंच गेला, असं माझ्या मनात आलं. आधी तेच आलं, लपवत नाही.

अक्कानं रिक्षा थांबवली. आम्ही दोघं बसलो, कुत्रा मध्ये. त्याचं डोकं तिच्या मांडीवर आणि शेपटी माझ्याकडं.

जनावरांच्या दवाखान्यात म्हैसूरकडची एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं त्याचा ओठ वर केला. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. मग केसांत बोटं घालून गोचीड शोधायला लागली. "गोचिडाचा ताप असेल तर असंच होतं," म्हणाली, "पण एकही गोचीड दिसत नाही. ईरुळ्ळी घालता काय याला?"

तिकडं कांद्याला ईरुळ्ळी म्हणतात. आमच्या हुबळीत उळ्ळागड्डी.

मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाली, "नाही नाही. मी सांगितल्यापासून अण्णांनी बंद केलंय. ऐकलं त्यांनी."

मी खांद्यावरच्या टॉवेलानं तोंड पुसलं.

"मग दुसरं काय खाल्लं?"

अक्का आठवायला लागली. दहीभात. होळगीचा, म्हणजे पुरणपोळीचा तुकडा. आणि हळू आवाजात, "परवा दोन द्राक्षं दिली होती."

"द्राक्षं?" डॉक्टरीण तिच्यावर उखडली. "शिकलेल्या दिसता तुम्ही! द्राक्षंही वाईटच त्याला." ते ऐकून माझ्या छातीत गार वाटलं. पण अक्काचा चेहरा पडला. तिनं कुत्र्याच्या डोक्यावरचा हात काढून घेतला, जणू आता तो हक्क राहिला नाही, आणि मला म्हणाली, "अण्णा, मीच मारलं काय हो त्याला?"

डॉक्टरीण गोचिडाच्या तापाचं इंजेक्शन भरत होती. मला दिसत होतं ते चुकीचं आहे. सडका कांदा ढिगात सोडला तर काय होतं, मला कुणी शिकवायला नको.

"अजून एकदा विचारते आजोबा, ईरुळ्ळी नक्की नाही?"

"ईरुळ्ळी नाही," मी म्हणालो. "उळ्ळागड्डी. रोज सहा. चार दिवस."

तिचा हात थांबला. "दोन्ही एकच की हो!"

"ठाऊक आहे मला."

तिनं ते इंजेक्शन ठेवून दिलं, रक्त काढून तपासलं, सलाईन लावलं. कांद्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणाली. पहिल्या दिवशी काही दिसत नाही, चार-पाच दिवसांनी कळतं. रक्त भरायची पाळी थोडक्यात चुकली. औषध दिलं, रोज घेऊन या म्हणाली. अक्कानं माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

परत येताना रिक्षात ती एवढंच बोलली. "तुम्हाला एवढं लागत होतं, तर मला सांगायचं होतं. मी माझी ताटली आत घेतली असती."

रिक्षाचे पैसे मी दिले.

कुत्रा उतरला तो डुलत डुलत तिच्याच पायरीवर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मऊ भात शिजवला. कांदा नाही, लसूण नाही, फोडणी नाही. चव घेऊन बघितली, कशाचीच चव नव्हती. त्यात दही कालवलं आणि जर्मनची ताटली घेऊन रस्ता ओलांडला. तिच्या पितळेच्या ताटलीशेजारी ती ठेवली. माझा भात जास्त मऊ झाला होता, हे मी आजही सांगेन. मग तिचं दार बंद आहे याची खात्री केली, खाली वाकलो आणि तिनं ठेवलेल्या नावानं त्याला हाक मारली.