पदराच्या तीन गाठी

चिठ्ठी असली तरी जरा जवळ ये बघू. कान इकडं कर. सहा-सहा महिने तुझा पत्ता नसतो, आन् परवा फोन केलास तर काय विचारलंस? "मावशी, शाळेची ती कंपनीची सहल आठवते का?" आठवते का म्हणं! वर म्हणालीस, "त्या सहलीनंच मला इंजिनीअर केलं." केलं असंल. पण तुझे वडील कसे राजी झाले, ते तुला ठावं नाय. फोनवर सांगायची गोष्ट नाय ती, म्हणून लिहिते.

तेव्हा मी फुलंब्रीच्या तुमच्या शाळेत शिपाई होते. शहरातल्या शहागंजातनं रोज एसटीनं यायचं, घंटा द्यायची, वर्ग झाडायचे. तू दहावीला. सरांनी ठरवलं, पोरापोरींना चिकलठाण्याच्या कंपनीत न्यायचं, कॉम्प्युटर दाखवायचा. आदल्या दिवशी तुझे वडील सायकल घेऊन फाटकाशी आले.

"मावशी, पोरगी सारखं डिप्लोमा डिप्लोमा करती. सर तर गोडच सांगणार. तुम्ही बघून या. तिथं बाया किती हायत? बायांच्या संडासाला आतून कडी हाय का? आन् सुटल्यावर त्या घरी कशा जातात? तुम्ही हो म्हणला तर शिकवीन. नाय म्हणला तर दहावीवर बास."

मला तेव्हा लिहिता येत नव्हतं. अक्षरं मी पुढं गिरवली, तुम्ही टाकून दिलेल्या वह्यांवरून. म्हणून त्यांच्यासमोरच पदराला तीन गाठी मारल्या.

कंपनीत कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढायला लावल्या. मी आपली सवयीनं उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. तुम्ही फिदीफिदी हसलात. पण आत गेले आन् वाटलं, काय चुकलं माझं? माठाला टेकून बसावं तसा गारवा. मोठ्या टेबलावर कागद पसरलेला आन् त्याच्यावर कॉम्प्युटरचं एक पेन आपलं आपण फिरतंय. हात नाय, माणूस नाय. सरळ रेघ ओढायचं, गोल काढायचं, विचारात पडल्यासारखं थांबायचं, मग उचलून दुसरीकडं टेकायचं. मी माझी बोटं मुठीत घट्ट धरली. मला साधं माझं नाव लिहिता येईना, आन् ह्या पेनाला कुणी शिकवलं?

शिकवणारी कोपऱ्यातच बसली होती. किडकिडीत, चष्मेवाली इंजिनीअर बाई. तीन बाप्ये हातात कागद धरून तिच्यापुढं उभे, आन् ती बसलेली. तिची सही झाल्याबिगर एकजण हलला नाय. खरं सांगू? पेनाचं नवल मी तिथंच विसरले.

मग मोठे साहेब म्हणाले, "कुणाला काही विचारायचंय?" मी उभी राहिले.

"साहेब, इथं बाया किती हायत?"

"अकरा."

मी एक गाठ सोडली. "आन् बायांच्या संडासाला आतून कडी हाय का?"

सर छताकडं बघायला लागले. तू मैत्रिणीच्या मागं तोंड लपवलंस आन् म्हणालीस, "ही आमच्या शाळेची नाय." ऐकलं बरं का मी!

"असणारच की," साहेब म्हणाले.

ती इंजिनीअर बाई उठली. "चला मावशी, दाखवते."

कडी तुटलेली होती. दारावर नुसती स्क्रूची भोकं. आत एक बादली. ती हळूच म्हणाली, "दोन वर्षं झाली. बादली भरून दाराला लावतो आम्ही."

"मग सांगितलं का नाय?"

"कुणाला सांगू? लाज वाटते."

अगं, जिच्या सहीसाठी बाप्ये उभे राहतात, तिला कडी मागायची लाज! मी म्हटलं, "बाई, मला खोटं बोलता येणार नाय. एका पोरीची शाळा ह्या कडीवर अडकलीय."

ती तरातरा खोलीत गेली आन् सगळ्यांसमोर साहेबांना म्हणाली, "सर, आमच्या संडासाला कडी नाही. आत्ता बसवून हवी." बोलली एकदाची. कंपनीनं दिलेला तुमचा चिवडा संपायच्या आत फिटर आला. मी स्वतः आत जाऊन कडी लावली, काढली, परत लावून बघितली. तेव्हा दुसरी गाठ सोडली. घरी जायचं निघताना त्या बाईलाच विचारलं, पण ती गाठ काही सुटली नाय.

संध्याकाळी तुझे वडील एसटी स्टँडवर उभेच होते. सगळं सांगितलं, कडीचंसुद्धा, काही लपवलं नाय. त्यांनी पदराकडं बघितलं. "ही एक राहिली का?"

"व्हय. कंपनीची गाडी बायांना शहागंजापर्यंत सोडती. फुलंब्रीला नाय येत."

मला वाटलं, गेलं पोरीचं. मग सायकलची घंटी उगाच एकदा वाजवून म्हणाले, "शहागंजात तुमची खोली केवढी हाय?"

"दोघी निजतील एवढी."

"मग सोडा गाठ."

तर अशी तू माझ्याकडं राहायला आलीस. डिप्लोमाची तीन वर्षं, तुझ्या वडिलांनी आणलेली ज्वारी, माझी पिठलं-भाकर. आता तूही खुर्चीत बसतीस आन् माणसं कागद घेऊन उभी राहतात म्हणे. राहू देत. खोली हाय तेवढीच हाय, दोघी अजून मावतो. आज पदराला एक गाठ मारून ठेवलीय, तू येईस्तोवर सोडायची नाय. मला लई दिवस ताटकळत ठेवू नकोस. ह्याच महिन्यात ये.