डाव्या हाताचं बोट

भामरागडच्या जंगलातल्या एका गावात मला निवडणुकीची ड्युटी लागली. मतदारांच्या बोटाला शाई लावायचं काम माझ्याकडे होतं. 'मतदान कराल तर याद राखा' अशी नक्षल्यांची पत्रकं गावाबाहेरच्या झाडांना लावलेली होती. सकाळपासून माझं निम्मं लक्ष झाडीकडेच होतं. तेवढ्यात एक म्हातारी समोर आली, ती मूठच उघडेना.

"मत देतो मी, पन शाई नोको लावू बाई. रानात कोनी बोट पाह्यलं तं काय सांगू?"

"नियम आहे!" मी खेकसले आणि बोट ओढून शाई लावली. ती हात पदराखाली लपवून गेली.

मतदान संपताच आम्हाला न्यायला हेलिकॉप्टर आलं. गाव खाली राहिलं. माझं मत आधीच टपालानं गेलं होतं. माझ्या बोटावर शाईचा ठिपकाही नव्हता.