पाडव्याची तिसरी हाक

दिवाळीत सलग चार दिवस रजा मिळायला मला वर्तमानपत्राच्या कचेरीत बरीच वर्षे काढावी लागली. सणासुदीला बातम्या थांबत नाहीत आणि ज्याचे गाव लांब, त्याची रजा आधी कापली जाते, असा तिथला न लिहिलेला नियम होता. सत्तरीचे दशक संपत आले तेव्हा एकदाची ती रजा मिळाली. बायको आणि मुलगी यांना घेऊन मी मुंबईहून कोल्हापूरला गेलो. बायको लग्नानंतर दोनदा येऊन गेली होती, दोन्ही वेळा उन्हाळ्यात. मुलगी दहा वर्षांची होती. तिला आठवणीत राहील अशी ही तिची पहिलीच खेप.

आमचे घर जुन्या पेठेत आहे. पुढे दोन खोल्या, मध्ये स्वयंपाकघर, मागे गोठा. वडील होते तोवर गोठ्यात चार म्हशी असायच्या. ते गेल्यावर थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, दोन ठेवल्या. मी शिकून बाहेर पडलो. दादा आणि वहिनी यांनी घर, गोठा आणि दुधाचा धंदा सांभाळला.

आल्या दिवशी संध्याकाळी मी मायलेकींना कट्ट्यावर नेले. कट्टा म्हणजे रस्त्याच्या कडेची जागा. तिथे म्हशी आणून उभ्या करतात, गिऱ्हाईक पेला पुढे धरतो आणि गवळी त्यात धार काढून देतो. गिऱ्हाईक तिथेच उभ्याने दूध पितो, मिशीवरचा फेस पुसतो आणि जातो. त्यात तालमीतली पोरे असतात तसे कचेरीतून परतणारे कारकूनही असतात. मुंबईत दूध बाटलीतून येते. ते कुठल्या म्हशीचे, हे कोणी विचारत नाही. इथे गिऱ्हाईक म्हशीला तोंडाने ओळखतो. पाणी घातल्याचा संशय घ्यायला जागाच उरत नाही, कारण कासेतून निघालेले दूध पेल्यात पडण्यापूर्वी दुसरीकडे कुठे गेलेलेच नसते. हे मी बायकोला लग्नाआधी सांगितले होते तेव्हा तिने ते गावाकडच्या बढाईत जमा केले होते. आता तिने दादाने दिलेला पेला हातात घेतला, तो कोमट लागला, आणि ती सगळे दूध प्यायली.

मुलीने अर्धाच पेला घेतला. शेजारचा एक गिऱ्हाईक तिच्याकडे बघून मला म्हणाला, "पावणं, पोरीला हितंच ठेवा म्हैनाभर. लई वाळलीया."

"पावणा न्हवं त्यो," दादा म्हशीखालूनच ओरडला. "माझा धाकटा भाऊ हाय. मुंबैत पेपरात असतोय."

"मग पेपरात छाप की तुझी म्हस!"

"परवा ये चौकात. मग छापायचं का न्हाय ते ठरवू."

परवा पाडवा होता. कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशींचा सण असतो. पहाटे त्यांना तळ्यावर नेऊन धुतात. अंगावरचे केस भादरताना वेलबुट्टी ठेवतात, तेल चोळतात, शिंगे काचेने तासून रंगवतात. गळ्यात कवड्यांची माळ, पायात चाळ, कपाळावर मोरपिसांचा तुरा. एवढे तर दुसऱ्या गावातही कोणी करील. आमच्या पेठेतला मान वेगळ्या गोष्टीला आहे. चौकाच्या एका टोकाला म्हशीचे दावे सोडतात. दुसऱ्या टोकाला, देवळाच्या पायऱ्यांपाशी, मालक सायकल घेऊन उभा राहतो आणि हाक मारतो. मधे शेदोनशे माणसे, हलगी, फटाके. तेवढ्यातून म्हशीने दाव्याशिवाय मालकाकडे यायचे, मग त्याच्या सायकलमागे धावत चौकाला फेरी घालायची. हाका तीन. तिसऱ्या हाकेला आली नाही तर म्हैस बाजूला घेतात, आणि मालकाला पुढच्या पाडव्यापर्यंत पेठेत मान वर करून चालता येत नाही. मारून मुटकून म्हैस ओढत नेता येईल, पण तिला आपणहून यायला लावता येत नाही. ती घरी कशी वागवली जाते, हे त्या दिवशी सगळ्यांसमोर उघडे पडते. मी पुढे अनेक शहरांत राहिलो. जनावराचे मत असे चारचौघांत विचारणारे दुसरे गाव मला भेटले नाही.

वडिलांच्या वेळेपासून आमच्या घरची म्हैस दुसऱ्या हाकेच्या पुढे कधी गेली नव्हती. कट्ट्यावर पाहिलेली दादाची ही म्हैस तर तीन वर्षे पहिल्याच हाकेला आली होती. तिला नाव होते. ते इथे लिहीत नाही, कारण आमच्या एका आत्याचेही तेच नाव होते आणि त्यावरून घरात एकदा भांडण झाले होते.

पाडव्याच्या सकाळी मुलगी वहिनीच्या मागे गोठ्यात होती. सहा वाजल्यापासून ती तिथेच. वहिनी शेण काढत होती, पेंड-भुश्याचे आंबोण भिजवत होती, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि मुलगी बादली धरून उभी. वहिनी शेण टाकायला बाहेर गेली तेव्हा दादा नवा फेटा बांधून दारात आला. त्याने सरावाची म्हणून एक हाक मारली. म्हशीने मान वळवली. दादा खूष होऊन मला म्हणाला, "बघितलंस? कान हाय का न्हाय तिला?"

स्वयंपाकघरात त्या दिवशी निराळाच बेत चालला होता. मुंबईची माणसे प्रथमच दिवाळीला आलेली. त्यांना पुरणपोळी तव्यावरची गरम मिळाली पाहिजे, असे वहिनीने ठरवले होते. एरवी ती दुपारीच सगळे आटपून चौकात जायची आणि देवळाच्या पायऱ्यांवर बायकांत उभी राहायची. या वर्षी ती म्हणाली, "माझं काय, दरवर्सी बघत्येच की. तुम्ही जावा." बायकोला तिला एकटीला चुलीपाशी सोडणे बरे वाटले नाही, म्हणून तीही लाटायला बसली. चौकात मी आणि मुलगी दोघेच गेलो.

आमच्या आधी पाच-सहा म्हशी झाल्या. पलीकडच्या गल्लीतल्या एका म्हशीवाल्याची म्हैस पहिल्या हाकेला आली. तो फेरी पुरी करून दादाशेजारी येऊन उभा राहिला. मग दादाच्या म्हशीचे दावे सोडले.

दादाने हाक मारली. आवाज चांगला खणखणीत होता. म्हशीने डोके उचलले, देवळाकडे पाहिले, आणि ती जागची हलली नाही.

लोक हसले. ते अजून प्रेमाचे हसणे होते. दादाने सायकलची घंटी वाजवली आणि दुसरी हाक मारली. म्हैस चार पावले चालली. मग थांबली, वळली, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाकडे बघू लागली.

"आरं, तिला घरी जायचंय!"

"फेटा बघून बुजली. कुठल्या पावण्याची वरात आली म्हणं!"

पलीकडच्या गल्लीतला म्हशीवाला म्हणाला, "दादा, तू ऱ्हाऊ दे. तुझ्या पेपरवाल्या भावाला मारू दे हाक. मोठ्या अक्षरात मारंल."

दादा हँडल घट्ट धरून उभा होता आणि फेट्याखालून घाम कानशिलावर उतरत होता. एक हाक शिल्लक होती. वडिलांपासून चालत आलेली गोष्ट त्याच्या हातून जाणार होती, तीही ज्या वर्षी भावाचे कुटुंब ती पाहायला आले त्याच वर्षी.

मुलीने माझी बाही ओढली. "बाबा, ती काकांचं ऐकतच नाही."

"सकाळी वळली होती की."

"तेव्हा काकू घमेलं घेऊन काकांच्या मागून येत होत्या. ती काकूंकडे बघत होती. मी तिच्याजवळच उभी होते."

बातमीची खात्री करून घ्यायची सवय मला होती. मी न पाहिलेल्या गेल्या वर्षांचे चित्र मनाशी जुळवून पाहिले. दादा पायऱ्यांच्या पुढे. पायऱ्यांवर बायका. त्या बायकांत, दादाच्या बरोब्बर मागे, वहिनी. वडिलांच्या काळात त्या जागी आमची आई उभी असायची. मी लहानपणी दर पाडव्याला तो चौक पाहिला होता आणि हे मला कधी दिसले नव्हते. दिसले होते, पण बघावेसे वाटले नव्हते.

पंचाचे काम करणाऱ्या म्हाताऱ्याला मी म्हणालो, "आजोबा, तिसरी हाक जरा थांबवा."

"थांबिवतो, पर फटाक्याची एक माळ संपंस्तवर. मग न्हाय."

मी गल्लीतून पळत गेलो. वहिनीचे हात पिठाचे होते. म्हैस येत नाही एवढेच मी सांगितले.

"तब्येत बरी हाय न्हवं तिची?" तिने आधी हे विचारले.

"तब्येतीला काही झालेलं नाही. ती तुम्हाला शोधतेय."

"काय बी बोलता भावजी. हाक त्यांची असतीया."

"वहिनी, तुम्ही जा," बायको म्हणाली आणि तिने वहिनीच्या हातातले उलथने काढून घेतले. "तव्याकडे मी बघते."

आम्ही चौकात शिरलो तेव्हा माळेचे शेवटचे फटाके उडत होते. वहिनी गर्दीच्या कडेने पायऱ्यांकडे निघाली, नेहमीच्या जागी. ती अजून पोचलीही नव्हती, कोणी हाकही मारली नव्हती, आणि पलीकडच्या टोकाला म्हशीचे डोके वळले. वहिनी जसजशी सरकत होती तसतसे ते डोके वळत होते. मोरपिसांचा तुरा असल्यामुळे ते सगळ्यांना दिसले. दादालाही दिसले. त्याने म्हशीकडे पाहिले, मग मागे वळून वहिनीकडे.

आता वहिनी मागे उभी होती. त्याने हाक मारली असती तर म्हैस आली असती, आणि काम भागले असते. म्हाताऱ्याने हात वर केला. "मार तिसरी."

दादाने सायकल बाजूला घेतली. "म्या न्हाय मारत," तो म्हणाला. "तू ये पुढं. तूच मार."

वहिनी म्हणाली, "अवो, मी? एवढ्या मानसांत?"

"मानसांत न्हवं, म्हशीला मारायचीया. ये."

"बाईमानसानं हाक मारल्याली न्हाय कधी," कोणीतरी म्हणाले.

"आजवर कोण मारत हुतं, ते म्हशीला इचार," दादा म्हणाला.

वहिनी पायरी उतरली. तिने पदर खोचला. ती ओरडली नाही. टाळ्याला जीभ लावून तिने दोनदा टक्‌टक् केले आणि गोठ्यात बोलते त्याच आवाजात म्हणाली, "ये गं बाय. आंबोण वाळाय लागलंय."

लोक हसले, पण त्या हसण्यातच म्हैस निघाली. चाळ वाजवत, गर्दी फाकवत, शेवटी शेवटी जवळजवळ धावत आली आणि वहिनीच्या पिठाच्या हातांना तोंड लावून उभी राहिली. हलगीवाल्याने आपणहून हलगी वाजवली.

पलीकडच्या गल्लीतल्या म्हशीवाल्याने तोंड उघडलेच. "आरं, मग इतकी वर्सं तू काय करत हुतास?"

"मी सायकल चालवत हुतो," दादा म्हणाला, आणि सगळ्यात मोठ्याने तोच हसला.

म्हाताऱ्याने मानाचा नारळ सवयीने दादापुढे धरला. दादाने मान हलवली. म्हातारा क्षणभर अडला. पुरुषाच्या हातात द्यायचा नारळ बाईला कसा द्यावा, याचा दाखला त्याच्याजवळ नव्हता. मग त्याने तो दोन्ही हातांनी वहिनीपुढे केला.

"हाताला पीठ हाय," वहिनी म्हणाली. "पोरीकडं द्या."

तो मोठा नारळ मुलीने छातीशी धरला. पायऱ्यांवरच्या एका बाईने तिला वाकून विचारले, "कुणाची गं तू?" आमच्या पेठेत या प्रश्नाला बापाचे नाव सांगतात, नाहीतर आजाचे. मी शेजारीच उभा होतो. मुलीने माझ्याकडे बघितलेही नाही. तिने नारळासकट वहिनीकडे बोट केले. "त्यांची."

वहिनी तोवर घराकडे चालू लागली होती. म्हैस दाव्याशिवाय तिच्या मागे.

"आगं, फेरी ऱ्हायली की!" दादा ओरडला.

"तुम्ही घाला," ती न वळता म्हणाली. "पोळ्या जाऊबाईंच्या गळ्यात टाकून आलीया मी."

दादाने सायकलवर टांग टाकली आणि घंटी वाजवत तो म्हशीच्या मागून निघाला.