खोकला दाबणारा वर्ग

हरसूलकडच्या हायस्कुलात मी विज्ञान शिकवत होतो. तिथले शिपाईकाका काही विचारलं की टोपी काढून आधी तिच्यात बघायचे, मग सावकाश बोलायचे.

स्वाइन फ्लूची साथ आली तेव्हा पेपरातलं सगळं मी वर्गात इतकं रंगवून सांगितलं, की पोरं खोकला दाबायला लागली. त्यात दहावीतली एक मुलगी शिंकली आणि मी शहाण्याने तिला व्हरांड्यात वेगळं बसवलं. दवाखान्यात साधी सर्दी निघाली, ती बरीही झाली. पण ती माठापाशी आली की मुलं पांगायची.

एका दुपारी मधल्या सुट्टीत माठापाशी माझ्यासमोरच ती काकांना म्हणाली, "काका, उद्यापासून मी नाय येत. आईबरोबर भातलावणीला जाते."

काकांनी माठातून पेला भरून तिला दिला. तिनं अर्धा पिऊन ठेवला. उरलेलं पाणी सगळ्यांदेखत ओठ लावून काका प्याले आणि पेला पुन्हा भरून माझ्यापुढे धरला. "सर, तुमी तर लय शिकलेले. घ्या."

माझा हात पुढे यायला वेळ लागला. ती बघत होती.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली. माझ्यामुळे नाही, एवढं मलाही कळलं.