अनुमोदक

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोला माहीत नाही, आईला माहीत नाही. एकाच माणसाला माहीत होती, आणि तो मागच्या उन्हाळ्यात वारला. माझा सख्खा चुलता. त्याच्या दहाव्याला घाटावर उभा होतो, आणि तिथे मला काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. सगळे रडत होते, मी खाली मान घालून उभा होतो, आणि आत कुठेतरी गाठ सुटल्यासारखं— आता हे फक्त आपल्यालाच ठाऊक. किती नीच विचार. पण आला.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलायला जमेल असं वाटतं. बघू.

आधी मी कोण ते सांगतो, कारण त्याचा इथे संबंध आहे. सोलापूर रस्त्याला, लोणी काळभोरच्या आसपास आमचं गाव. आता महापालिकेत गेलंय, तेव्हा ग्रामपंचायत होती. आमच्या भावकीत, म्हणजे एका आडनावाच्या सगळ्या घरांत मिळून, कॉलेज पूर्ण करणारा पहिला मी. नुसतं कॉलेज नाही, इंजिनिअर. वडील मार्केट यार्डात भाजीचा टेम्पो घेऊन जायचे. मी खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत एसीत बसायला लागलो. गळ्यात कार्ड. गावानं शाळेच्या हॉलमध्ये सत्कार केला— फेटा, शाल, नारळ. मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू? मी अभिमानी माणूस आहे, आणि तो अभिमान मला कुणी दान दिलेला नाही.

गावात कुठेही गेलो तरी खुर्ची पुढे यायची. हे लक्षात ठेवा.

आता सुरेखा. गावाच्या कडेला गायरान होतं, गुरं चारायला राखलेली सरकारी जमीन. तिथे विदर्भातून कामाला आलेल्या मजुरांची वस्ती होती. पत्र्याची, विटांची घरं, काही माझ्या जन्माच्या आधीची. सुरेखाची आई आमच्याच भावकीच्या शेतात खुरपायला यायची. सुरेखा दोन बस बदलून कर्वेनगरला कॉलेजला जायची, आणि रविवारी माझ्याकडे अडलेलं इंग्रजी विचारायला. हळूहळू अभ्यासाचं इंग्रजी संपलं आणि ती कॉलेजच्या वाचनालयातून पंचायतीच्या कायद्याचं पुस्तक आणायला लागली. एकदा म्हणाली, "दादा, ना-हरकत म्हणजे नेमकी कुणाची हरकत नाही?" मी हसलो होतो. ती हसली नव्हती.

कारण तोवर गावात बातमी आली होती, गायरानावर आयटी पार्क येणार. जो तो आपल्या जमिनीचा भाव मनात धरून चालायला लागला. आम्हीही, मीही. वस्तीचं काय, हे कुणी विचारत नव्हतं. सुरेखा विचारत होती. विशीतली पोरगी, एकटी, दारोदार. पार्क येऊ द्या, पण आधी आमची घरं नियमित करा, नाहीतर गावातच दुसरीकडे जागा द्या. एवढंच मागणं.

सरपंच म्हणजे माझा चुलता, आबा. त्यानं वस्तीचा नळ बंद करवला. दुसऱ्या दिवशी सुरेखा बायकांना घेऊन हंड्यांसकट पंचायतीच्या ओट्यावर येऊन बसली. आबा म्हणाला, "काय गं, मोर्चा काढलास व्हय?" ती म्हणाली, "नाही आबा, पाणी भरायला आलोय. तुमच्याकडं येतंय म्हणे." घोषणा नाही, आरडाओरडा नाही. संध्याकाळी नळ सुरू झाला.

मी तिला विचारलं होतं— तुला भीती नाही वाटत? म्हणाली, वाटते की. पोटात दुखतं. मग? "मग काय, पोटात दुखतं म्हणून आई कधी कामावर जायची थांबली का?"

माझ्यापेक्षा इतकी लहान. आणि मला, इंजिनिअरला, एखादी मोठी बहीण बोलावी तसं बोलून गेली. तिच्याकडून मी काय काय शिकलो ते सांगायला लागलो तर ही गोष्ट फार चांगली होईल. पण मी ते सांगायला बसलेलो नाही. नाही का?

तर— ग्रामसभा. पार्कला ना-हरकत देण्याचा ठराव यायच्या आधी सुरेखा आपला ठराव मांडणार होती. ग्रामसभेत एक जण ठराव मांडतो, तो सूचक. दुसऱ्यानं उठून पाठिंबा द्यायचा, तो अनुमोदक. अनुमोदक नसेल तर ठराव तिथेच पडतो. आता आमच्या गावाची रीत अशी, की सूचना कुणीही करो, अनुमोदन भावकीतल्या माणसाचंच चालायचं. कायद्यात असं कुठेही नाही. सुरेखाला ते पक्कं माहीत होतं. पण ती म्हणाली, "आत्ता रीतीशी भांडत बसले तर घरं जातील. घरं वाचू देत, मग रीत बघू." आणि वस्तीतलं तसंही कोण उठणार? ज्यांच्या शेतात राबायचं, त्यांच्यासमोरच हात वर करायचा?

म्हणून ती माझ्याकडे आली. आमच्या ओट्यावर उभी होती, बसली नाही. मी तिला पुरतं बोलूही दिलं नाही. म्हणालो, "मी आहे." तिचा चेहरा असा काही उजळला— आणि मला माझाच केवढा अभिमान वाटला.

पुढचं सगळ्या गावाला माहीत आहे ते असं: ग्रामसभा मुद्दाम कामाच्या दिवशी सकाळी ठेवली. मी कंपनीत तोंड दाखवून, अर्धी रजा टाकून निघालो. हडपसरला बस बंद पडली. धावतपळत शाळेत पोचलो तोवर सभा उठली होती. अनुमोदक नाही म्हणून सुरेखाचा ठराव पडला. बिचारी पोरगी, आणि बिचारा मी. नशीब, दुसरं काय.

हे मी इतक्या वेळा सांगितलंय, की बंद पडलेली बस मला दिसते. ड्रायव्हर बॉनेट उघडून उभा आहे, तोही दिसतो.

बस बंद पडली नव्हती.

मी वेळेच्या आधी पोचलो होतो. शाळेच्या हॉलच्या बाहेर, खिडकीला लागून मुलांसाठी पाण्याची टाकी आहे. तिथे थांबलो. तोंड धुतलं. शर्ट नीट खोचला. आत जायचं, पुढे बसायचं— पण आतून सुरेखाचा आवाज यायला लागला. कागद न बघता बोलत होती. कुठल्या घरात कोण राहतं, किती वर्षांपासून. एकदाही आवाज चढवला नाही. मग आबाचा आवाज— "अनुमोदक?"

मग पुन्हा, जरा मोठ्यानं—

"हाय का कुणी अनुमोदक?"

मागून कुणीतरी म्हणालं, "अनुमोदक कंप्युटरवर बसलाय!" आणि हॉल हसला. साधासुधा नाही, खदाखदा हसला. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मी उठणार हे गावभर झालं होतं, आणि त्यावर आधीच विनोदही झाले होते. माझ्यावर. ज्या हॉलमध्ये मला फेटा बांधला, त्या हॉलमध्ये.

सुरेखा म्हणाली, "ते येणार आहेत. दोन मिनिटं थांबा."

आबा म्हणाला, "थांबू की. घाई कुणाला हाय? चहा सांगू का तवर?"

पुन्हा हसू. आणि ते खरंच थांबले. मजा म्हणून थांबले. मी भिंतीच्या या बाजूला, सुरेखा त्या बाजूला. सात-आठ पावलांवर दार. आत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं.

तुम्ही विचाराल, का नाही गेलो? मी स्वतःला पुष्कळ कारणं देऊन बघितली आहेत. माझ्या कॉलेजच्या प्रवेशासाठी आबाच माझ्याबरोबर हिंडला होता. वडिलांना भावकीतच राहायचं होतं. जमिनीचा भाव. सगळी कारणं खरी आहेत. पण त्या टाकीपाशी यातलं एकही माझ्या डोक्यात नव्हतं. डोक्यात एवढंच होतं, की आत्ता दारात पाऊल टाकलं तर हे मला हसतील. बस. इतकी हलकी गोष्ट. वस्तीतल्या पोराबाळांची घरं एकीकडे, आणि माझं हसं दुसरीकडे. मी दुसरीकडे झुकलो.

आत कुणाचीतरी खुर्ची सरकली. मी दचकून वर बघितलं, तर आबा उठून खिडकीशी पान थुंकायला आला होता. आमची नजर भेटली. तो ओरडला नाही, मला बोलावलंही नाही. पान थुंकला, वळला आणि आत जाऊन म्हणाला, "झाली दोन मिनिटं. ठराव पडला. फुडचा घ्या."

मी शाळेच्या मागून निघालो. रस्त्याच्या थांब्यावर जाऊन उभा राहिलो. सभा सुटल्याचा गलबला ऐकू आला, तसा झपझप चालत आलो— शर्ट अर्धा बाहेर काढून. हो, तेवढं सुचलं मला. खोचलेला शर्ट मी मुद्दाम बाहेर काढला.

सुरेखा फाटकात होती. मी 'बस—' एवढंच म्हणालो आणि धापा टाकत उभा राहिलो. तिनं पिशवीतली पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली. "आधी पाणी प्या, दादा. एवढं पळत कशाला आलात?" मी प्यालो. सगळी बाटली प्यालो.

आबा जवळून गेला. माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "शहाणा हायेस." सुरेखाला वाटलं, टोमणा आहे.

उन्हाळ्यात वस्ती पाडली. मी त्या दिवशी कंपनीत होतो, खरोखर होतो. सुरेखा आणि तिची आई येरवड्याला एका खोलीत गेल्या. बाकीचे कुठे कुठे गेले, मी विचारलं नाही. आबानं पुढे कधी हा विषय काढला नाही. मात्र घरात काही कार्य असलं की मला शेजारी बसवून घ्यायचा, आणि मी बसायचो.

सुरेखा थांबली नाही. जिथे जिथे वस्त्या उठवतात तिथे ती असते. तिच्यामुळे कितीतरी घरं जागेवर राहिली आहेत. मी तिच्याबद्दल छापून आलेलं वाचायचो, घरात वाचून दाखवायचो. आमच्या गावची, म्हणायचो. माझ्याकडे इंग्रजी शिकायची.

गेल्या महिन्यात कर्वेनगरला माझ्या मुलीच्या कॉलेजात तिचं भाषण होतं. मुलगी मला ओढूनच घेऊन गेली. सुरेखा आता चाळिशीची, केस थोडे पांढरे, बोलणं तसंच. शेवटी म्हणाली, "माझ्या पहिल्या लढाईत मी एका बंद पडलेल्या बसमुळे हरले. मला साथ द्यायला एक माणूस अख्ख्या भावकीच्या विरोधात निघाला होता. तो पोचला नाही. तेव्हापासून मी दोन गोष्टी शिकले. एका माणसावर सगळं टाकू नये. आणि चांगल्या माणसांनी तासभर आधी निघावं." पोरं हसली. काहींनी लिहून घेतलं. मग तिनं मला ओळखलं. "दादा! ते बघा, तेच. उभे राहा ना, दादा."

मुलीनं मला कोपरानं ढोसलं. मी उभा राहिलो. टाळ्या. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं माईक हातात घेऊन विचारलं, "सर, तुम्ही वेळेवर पोचला असतात तर काय बोलला असतात?"

इथे सांगता आलं असतं. सुरेखा समोर होती, मुलगी शेजारी, आबा या जगात नव्हता. आणि मी काय केलं? मी घसा साफ केला. माझा आवाज चांगला आहे. म्हणालो, "सुरेखाताईंनी मांडलेल्या ठरावाला मी अनुमोदन देतो."

सगळा हॉल उभा राहिला. माझी मुलगी रडत होती. सुरेखा व्यासपीठावरून खाली आली, आणि तिनं माझा हात दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावला.

मी तो काढून घेतला नाही.