आईने पाठ केलेले निरर्थक शब्द

साठच्या दशकात मी जयपूरला मानसशास्त्रात एम.ए. करत होते. आमचे सर हौशी. माणसाची स्मरणशक्ती समजून घ्यायची तर मेंदू आणि यंत्र दोन्ही पाहायला हवं, असं ते म्हणायचे. म्हणून दर शनिवारी मेंदूचे एक डॉक्टर शिकवायला यायचे, आणि तार खात्यातले एक इंजिनियर स्वतः बनवलेली पेटी घेऊन यायचे. पेटीला आकडे दिले, की ती दिवे लावून तेच परत दाखवायची.

माझा प्रबंध पाठांतरावर होता. हिंदीत काहीच अर्थ होत नाही असे बारा शब्द सरांनी जुळवून दिले होते. ते एकदा ऐकवायचे आणि थोड्या वेळाने किती आठवतात ते टिपायचं. जयपूरच्या सोडाला भागातल्या आमच्या शेजाऱ्यांना चार-पाच आठवायचे. एक माणूस कमी पडला, म्हणून मी आईला बसवलं. तिने बाराही सांगितले.

"यांना अर्थ नाही असं कोण म्हणतं?" ती म्हणाली. "वैल म्हणजे चुलीचं मागचं तोंड. खोंड म्हणजे तरणा बैल. सुंभ म्हणजे काथ्याची दोरी."

आई महाराष्ट्रातल्या खेड्यात वाढलेली, मी जयपुरात सिगडीवरचा स्वयंपाक बघत. मला यातला एकही शब्द ठाऊक नव्हता. बारांतला 'टिमुश' हा शब्द मात्र मराठीतही नव्हता. ते तिने खोंडाचं नाव ठेवलं होतं. टिमुशने सुंभ तोडला आणि थेट स्वयंपाकघरात शिरला, अशी तिने बारा शब्दांची गोष्टच केली होती.

प्रयोग बिघडला म्हणून मी घाबरतच सरांकडे गेले. त्यांनी उलट माताजींना घेऊन या म्हणून सांगितलं. आई ठेवणीतलं लुगडं नेसून रिक्षाने आली. तिच्या मोडक्या हिंदीतली गोष्ट डॉक्टरांनी दोनदा सांगायला लावली. मग इंजिनियरांनी पेटी दाखवली.

"याला कळतं का काही?" आईने विचारलं.

इंजिनियर म्हणाले, "नहीं माताजी, बस रखता है."

"बिचारा," आई म्हणाली.

सरांनी माझा विषयच बदलला. मी पुन्हा घरोघर फिरले, आणि लोक निरर्थक शब्दांना मनातल्या मनात काय काय अर्थ लावतात ते लिहून घेतलं. सहा महिने जास्त लागले, पण इतकी मजा मला आधी कधी आली नव्हती. पदवी मिळाल्यावर आईने इंग्रजी प्रबंधात स्वतःला शोधलं. तिथे तिचा नुसता क्रमांक होता. हे तिला मुळीच पटलं नाही. घरच्या प्रतीत तिने माझ्याकडून पेन्सिलीने तिचं पूर्ण नाव लिहून घेतलं, माहेरच्या आडनावासकट.